मुलगा लष्करचा, पण लष्करात नाही

शेजारच्या काकूंनी भाचीसाठी आलेल्या एका स्थळाचा बायोडाटा माझ्या हातात ठेवला. मी तीस वर्षं शाळेत नागरिकशास्त्र शिकवलं, त्यामुळे सरकारी नोकरीतलं मला सगळं कळतं असा आमच्या गल्लीत समज आहे. मुलगा इथलाच, ग्वाल्हेरचा, घर शहराच्या लष्कर भागात, दाल बाजाराच्या मागे. नोकरीच्या रकान्यात लिहिलं होतं: असिस्टंट कमांडंट, बीएसएफ. त्याच्या शेजारी काकूंनी निळ्या पेनानं आपली नोंद करून ठेवली होती: मिलिटरी.

"काकू, मुलगा लष्करचा आहे, पण लष्करात नाहीये."

"चेष्टा पुरे. बंदूक घेऊन बॉर्डरवर उभा असतो ना? मग मिलिटरीच की."

काकूंना हसण्यात अर्थ नाही, आमचं अर्धं शहर हेच समजतं. आणि शहर तरी कसलं? दौलतराव शिंद्यांनी १८१० मध्ये इथे तळ ठोकला, तो तळ काही उठला नाही, त्याचंच लष्कर झालं. महाराजपूरच्या हवाई तळावरून मिराज उडाली की गच्चीवर बोललेलं ऐकू येत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये बालाकोटवर गेलेली मिराज इथलीच. डबऱ्याच्या बसमध्ये बसलात तर झाशी रोडवर तीसेक किलोमीटरवर टेकनपूर लागतं. तिथे बीएसएफची, म्हणजे सीमा सुरक्षा दलाची, अकादमी आहे. बारीक केस कापलेली पोरं ट्रंका घेऊन उतरतात आणि बसमधलं कुणी ना कुणी म्हणतंच, "फौजी आले."

तर हे फौजी कोणाचे, कोणाच्या हुकमावर चालतात, आणि कुठल्या सीमेवर त्यांना का पाठवतात, हे काकूंना सांगायला मला एक दुपार लागली. उन्हात चटई टाकून त्या मटार सोलत होत्या, त्याचा उपयोग झाला.

पहिला मुद्दा मंत्रालयाचा. सेना संरक्षण मंत्रालयाकडे आहे, बीएसएफ गृह मंत्रालयाकडे. म्हणजे कागदोपत्री बीएसएफ पोलिसांची भावंडं. हे विचित्र वाटतं, पण त्यामागे सरळ व्यवहार आहे. लढाई रोज होत नाही, सीमा मात्र रोज असते. रोजची कामं पोलिसी असतात: रात्री गुरं पलीकडे नेणारे, खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या पोत्यात भरून नेणारे, पलीकडून ड्रोननं टाकलेल्या हेरॉइनच्या पुड्या, वाट चुकलेला म्हातारा, शेतावर जायची परवानगी मागणारी बाई. याला रणगाडे लागत नाहीत. शिवाय आपण रेषेवर सेना उभी केली की समोरचाही सेना आणतो, मग म्हैस पळाली तरी दोन सैन्यं समोरासमोर. म्हणून शांततेच्या काळात पुढे सीमादल आणि मागे सेना, अशी मांडणी. युद्ध लागलं की सीमादल सेनेच्या हुकमाखाली जातं.

ही मांडणी सुरुवातीपासून नव्हती. १९६५ पर्यंत पाकिस्तानला लागून असलेली सीमा त्या त्या राज्याचे सशस्त्र पोलीस सांभाळायचे. गुजरातचा भाग गुजरातचे पोलीस, पंजाबचा पंजाबचे. ९ एप्रिल १९६५ ला कच्छच्या रणात पाकिस्तानच्या फौजेनं सरदार पोस्टवर हल्ला केला. तिथे केंद्रीय राखीव पोलिसांची एक छोटी तुकडी होती. ती शर्थीनं लढली, पण समोर नियमित सैन्य असताना पोलिसांनी किती टिकायचं? त्याच वर्षी १ डिसेंबरला बीएसएफ उभं राहिलं.

त्याचे पहिले प्रमुख के. एफ. रुस्तमजी. जन्म नागपूरजवळच्या कामठीचा, आणि बीएसएफला जाण्याआधी ते आपल्या मध्य प्रदेशचेच पोलीस प्रमुख होते. चंबळच्या डाकूंशी सामना करण्यात त्यांची ती वर्षं गेली. गब्बरसिंग नावाचा खराखुरा डाकू १९५९ मध्ये पोलिसांच्या गोळीनं मेला, तो त्यांच्याच कारकिर्दीत. "म्हणजे डाकू पकडणाऱ्यानं बॉर्डर पोलीस काढली," काकू म्हणाल्या. इतकं नेमकं मला वर्गात कधी सांगता आलं नव्हतं. १९६६ मध्ये टेकनपूरची अकादमी सुरू झाली. अश्रुधुराची नळकांडी बनवणारा कारखानाही तिथेच आहे आणि पोलिसांची कुत्रीही तिथेच शिकतात.

दुसरा मुद्दा: सीमा एक नाही. मी वर्तमानपत्र पसरलं आणि मटाराच्या शेंगा लांबीप्रमाणे मांडल्या. सर्वांत लांब शेंग कुणाची? काकूंनी अर्थातच पाकिस्तान म्हटलं. नाही, बांगलादेशची. ४,०९६ किलोमीटर. मग चीन, ३,४८८. पाकिस्तान तिसरा, ३,३२३. नेपाळ १,७५१, म्यानमार १,६४३, आणि भूतानची चिंगळी शेंग ६९९.

कारगिलच्या लढाईनंतर मंत्र्यांचा एक गट बसला होता. २००१ च्या त्यांच्या अहवालात एक सूत्र होतं: एक सीमा, एक दल. त्याआधी एकाच सीमेवर दोन-तीन दलं असायची. काही बिघडलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायचा. (सरकारी कचेरीत चार खिडक्या फिरलेल्या माणसाला हे वेगळं समजावायला नको.) त्या सूत्रानुसार पाकिस्तान आणि बांगलादेश बीएसएफकडे, चीन आयटीबीपीकडे (भारत-तिबेट सीमा पोलीस), नेपाळ आणि भूतान एसएसबीकडे (सशस्त्र सीमा बल), म्यानमार आसाम रायफल्सकडे.

वाटणी झाली, पण काम सगळीकडे सारखं नाही. शेजारी जसा, तसं काम.

बांगलादेशाचंच बघा. १९७५ मध्ये दोन्ही देशांत ठरलं की शून्य रेषेपासून (म्हणजे नेमक्या सीमेपासून) १५० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण १३७ मीटर, कुणी लढाऊ बांधकाम करायचं नाही. त्यामुळे आपण पुढे कुंपण घातलं ते बहुतेक ठिकाणी तेवढं आत सरकून. झालं काय, की आपलीच शेतं, विहिरी, काही ठिकाणी आपलीच घरं कुंपणाच्या पलीकडे राहिली. देश भारत, पण तारेच्या त्या बाजूला.

माझा एक जुना विद्यार्थी कूचबिहारकडे नेमणुकीवर होता. तो सांगतो, कुंपणाला ठरावीक अंतरावर फाटकं असतात. सकाळी ठरलेल्या वेळी फाटक उघडतं, शेतकरी ओळखपत्र जमा करतो, वहीत सही, बैल मोजले जातात, मग तो आपल्याच रानात जातो. संध्याकाळी परत. कुणाच्या घरात रात्री बाळंतपणाच्या कळा सुरू झाल्या तर फाटक उघडायला जवानाला वरच्याला विचारावं लागतं. "आणि सर, बायका आम्हाला शिव्या देतात त्या बंगालीत, म्हणून बरं," हे त्याचं वाक्य.

हे ऐकून काकूंचा मटार सोलायचा हात थांबला. त्यांच्या डोळ्यासमोर बॉर्डर म्हणजे बर्फ आणि तोफा होत्या.

याच १५० यार्डांवरून जानेवारी २०२५ मध्ये भांडण पेटलं. मालद्याजवळ सुकदेवपूरला बीएसएफ तार लावायला गेलं, बांगलादेशच्या सीमादलानं हरकत घेतली. आपलं म्हणणं, तारेचं कुंपण हे काही लढाऊ बांधकाम नव्हे. त्यांचं म्हणणं, आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये शेख हसीना देश सोडून गेल्यापासून दोन्हीकडचं वातावरण तापलेलंच होतं, त्यामुळे एरवी दोन कमांडंटांनी चहावर मिटवलं असतं ते प्रकरण वर गेलं. ढाक्यानं भारताच्या उच्चायुक्तांना बोलावून घेतलं, दुसऱ्या दिवशी दिल्लीनं त्यांच्या उपउच्चायुक्तांना. पन्नास वर्षांपूर्वीच्या कागदातला एक शब्द आणि एका गावाची तार. परराष्ट्र धोरण बहुतेक वेळा असंच दिसतं, शिखर परिषदेत हात हलवताना फार कमी.

नद्यांची गोष्ट तर वेगळीच. आसामात धुबरीकडे ब्रह्मपुत्रेत वाळूची बेटं आहेत, त्यांना चर म्हणतात. दर पुराला ती सरकतात. तिथे कुंपण कुठे रोवणार? बीएसएफ बोटीनं गस्त घालतं. कुंपण ३,२०० किलोमीटरच्या आसपास झालंय. उरलेल्यात बराच भाग असा पाण्याचा, दलदलीचा किंवा जमीन ताब्यात न आलेला.

याच सीमेवर एक जुनी गुंतागुंत मात्र सुटली. बांगलादेशच्या पोटात भारताची १११ गावठाणं होती, भारताच्या पोटात त्यांची ५१. एका ठिकाणी तर आपल्या तुकड्यात त्यांचा तुकडा आणि त्यात पुन्हा आपला. १९७४ मध्ये करार झाला, अमलात यायला ३१ जुलै २०१५ ची मध्यरात्र उजाडली. एक्केचाळीस वर्षं! घटनादुरुस्ती करावी लागली, शंभरावी. वाटणीच्या खटल्यात पिढ्या गेलेलं एखादं घर तुमच्याही ओळखीत असेल.

पाकिस्तानच्या सीमेचे तीन भाग आहेत आणि वर्तमानपत्रं तिन्ही एकत्र कालवतात. गुजरात ते जम्मू ही आंतरराष्ट्रीय सीमा, तिथे बीएसएफ. पुढे काश्मीरमध्ये नियंत्रण रेषा, १९७२ च्या सिमला करारानंतर नकाशावर आखलेली, तिथे सेना. बीएसएफच्या काही तुकड्या असतात, पण सेनेच्या हुकमाखाली. ती रेषा एनजे ९८४२ नावाच्या एका बिंदूवर येऊन संपते, कारण पुढे बर्फात कोण जाणार असं आखणाऱ्यांना वाटलं होतं. तो पुढचा बर्फ म्हणजे सियाचेन. तिथे फक्त सेना.

पंजाबातही कुंपणापलीकडे आपली शेती आहे, आणि शेतकरी कापणीला गेले की बीएसएफचे जवान सोबत जातात. पहलगामच्या हल्ल्यानंतर दुसऱ्याच दिवशी, एप्रिल २०२५ मध्ये, फिरोजपूरकडे एक जवान असाच चुकून शून्य रेषेपलीकडे गेला आणि पाकिस्तानी रेंजर्सनी, म्हणजे त्यांच्या सीमादलानं, धरला. एरवी अशी माणसं दोन्हीकडच्या अधिकाऱ्यांची फ्लॅग मीटिंग होऊन त्याच दिवशी परत येतात. हा परतला १४ मे रोजी, मध्ये एक लढाई होऊन गेल्यावर. आपणही त्याच दिवशी त्यांचा एक रेंजर सोडला. त्या तीन आठवड्यांत त्याच्या घरच्यांचं काय झालं असेल, हे काकूंनी विचारलं नाही, पण बायोडाटावरच्या फोटोकडे मात्र पुन्हा बघितलं.

चीनची गोष्ट याच्या बरोबर उलट. तिथे भांडण कुंपणाचं नाही, रेषेचंच आहे. प्रत्यक्ष ताबारेषा म्हणतात ती दोघांनी मिळून कागदावर आखलेलीच नाही. २००० मध्ये फक्त मधल्या पट्ट्याच्या नकाशांची देवाणघेवाण झाली, बाकीच्यांची कधीच नाही. आपण लांबी ३,४८८ म्हणतो, चीन दोन हजाराच्या आसपास. त्यामुळे गस्त घालणं हेच हक्क सांगणं. आपली तुकडी एखाद्या ठिकाणी वर्षानुवर्षं गेली नाही, तर समोरचा म्हणणार, हे तुमचं कधी होतं?

आयटीबीपीची स्थापना २४ ऑक्टोबर १९६२ ची, चीनचा हल्ला सुरू झाल्यावर चौथ्या दिवशी. ते गृह मंत्रालयाचं दल, समोर मात्र चिनी सैन्य. बांगलादेशात कमांडंटसमोर कमांडंट बसतो. इथे आयटीबीपीला जोडीदारच नाही, म्हणून बैठकांना सेनेचे अधिकारी बसतात. १९९६ च्या करारानुसार रेषेच्या दोन किलोमीटरमध्ये गोळी चालवायची नाही. म्हणून १५ जून २०२० ला गलवानमध्ये दगड आणि खिळ्यांच्या दांड्यांनी मारामारी झाली, आपले २० जवान गेले. त्यानंतर पुढची गस्त कशी घालायची हे ठरवायला ऑक्टोबर २०२४ उजाडलं. या सीमेवर हुकूम कुणाचा असावा, गृहाचा की संरक्षणाचा, हा वाद अजून मिटलेला नाही. मला विचाराल तर इथे 'एक सीमा, एक दल' हे सूत्र कागदावरच राहिलंय.

नेपाळला कुंपणच नाही. १९५० च्या करारानं दोन्हीकडची माणसं पासपोर्टाशिवाय ये-जा करतात. रक्सौलचा माणूस वीरगंजला भाजी आणायला जातो, तिकडची मुलगी इकडे सून म्हणून येते. एसएसबीच्या जवानाला या गर्दीतून खोटी नोट किंवा तिसऱ्याच देशाचा माणूस हुडकायचा, आणि वरातीलाही अडवायचं नाही. भूतानची सीमाही खुली, पण नेपाळइतकी मोकळी नाही.

म्यानमारकडे आसाम रायफल्स. सर्वांत जुनं दल, १८३५ चं, आणि सर्वांत अवघड घरचं: पगार गृह मंत्रालयाचा, हुकूम सेनेचा. दोन सासवांची सून. नागालँडमध्ये लोंगवा नावाचं गाव आहे, तिथल्या गावप्रमुखाच्या घरातूनच सीमा जाते. अशा जमातींसाठी १६ किलोमीटरपर्यंत मोकळी ये-जा होती. २०२१ च्या लष्करी उठावानंतर तिकडून हजारो माणसं मिझोराममध्ये आली. मिझो लोकांसाठी ती नातलग. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्रानं मोकळी ये-जा बंद करण्याची आणि कुंपण घालण्याची घोषणा केली, नंतर १० किलोमीटर आणि पास अशी अट आली. मणिपूर सरकारला कुंपण हवं होतं, मिझोरामला नको. एकच सीमा, पण शेजारच्या दोन राज्यांची दोन मतं.

इथे काकूंनी मधेच विचारलं, "मग राज्याच्या पोलिसांचं काय?" प्रश्न मोठ्या वकिलांचा आहे. पोलीस हा राज्यांचा विषय. ऑक्टोबर २०२१ मध्ये केंद्रानं अधिसूचना काढून पंजाब, बंगाल आणि आसाममध्ये बीएसएफचं कार्यक्षेत्र सीमेपासून १५ किलोमीटरवरून ५० किलोमीटर केलं. गुजरातमध्ये ते ८० होतं, ते घटवून ५० केलं. याबद्दल कुणी फार बोललं नाही. पंजाब सर्वोच्च न्यायालयात गेला. ५० किलोमीटर म्हणजे काय ते कळायला इथून टेकनपूर ओलांडून डबऱ्याच्याही पुढे जा.

एक गोष्ट मात्र वादात हरवते. बीएसएफ त्या पट्ट्यात झडती घेऊ शकतं, माल जप्त करू शकतं, माणूस धरू शकतं. पण खटला चालवू शकत नाही. धरलेला माणूस बहुधा स्थानिक ठाण्यात द्यावा लागतो, मग आरोपपत्र राज्याचा पोलीस भरतो. म्हणून राज्याचे अधिकारच गेले ही ओरड मला थोडी फुगवलेली वाटते. पण ज्या ठाणेदाराच्या भरवशावर सगळा खटला उभा राहायचा, त्याच्या सरकारला न विचारता रेघ ओढायची, ही रीतही बरी नव्हे. धरणारा आणि कोर्टात उभं करणारा एकमेकांवर रुसलेले असले की तस्कर सुटतो, इतकं साधं आहे ते.

"पेन्शन?" काकू मूळ मुद्द्यावर आल्या.

तिथेही मंत्रालय आडवं येतं. १ जानेवारी २००४ नंतर लागलेल्या केंद्राच्या नोकरांना नवी पेन्शन योजना आली, सैन्याला त्यातून वगळलं, सीमादलांना नाही. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं जवानांच्या बाजूनं निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयानं त्याला स्थगिती दिली. कँटीन आहे, पण सेनेचं नाही, पोलीस कल्याण भांडाराचं. आणि वरच्या खुर्च्यांवर बहुधा आयपीएस अधिकारी बाहेरून येतात, त्यामुळे या मुलासारखे खालून चढणारे मधेच अडकतात. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं आयजी (महानिरीक्षक) पदापर्यंतच्या जागांवर बाहेरून येणाऱ्यांचं प्रमाण कमी करत न्या, असं सांगितलं. सेनेचा जवान आणि सीमादलाचा जवान, दोघंही त्याच सीमेवर, त्याच थंडीत, पण कुठल्या खात्याचा शिक्का आहे त्यावर म्हातारपण ठरतं. हे मला पटत नाही, आणि मी काकूंना तसं सांगितलं.

मटार संपले होते. काकूंनी बायोडाटावरचं 'मिलिटरी' खोडलं, वर 'गृह' लिहिलं, आणि तिथेच बसून मुलाच्या आईला फोन लावला. स्पीकरवर.

"सध्या कुठे आहे हो मुलगा?"

"जम्मूकडे," पलीकडून उत्तर आलं.

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मग वर्तमानपत्रावरच्या शेंगांकडे. "जम्मूकडे म्हणजे आंतरराष्ट्रीय सीमेवर, की नियंत्रण रेषेवर, सेनेच्या हाताखाली?"

पलीकडे बराच वेळ कुणी बोललंच नाही. मग हलक्या आवाजात, "अहो ऐकलंत का, जरा इकडे या बघू," असं ऐकू आलं.